विम्याच्या दफ्तरातील परतलेला रोगी



हॉस्पिटलातून बरा होऊन, निदान बरा झाला अशा समजुतीने, घरी धाडलेला रोगी महिन्याच्या आत पुन्हा त्याच किंवा दुसऱ्या हॉस्पिटलाच्या खाटेवर का येऊन पडतो, या प्रश्नाकडे वैद्यकाच्या, अर्थशास्त्राच्या आणि राज्यकारभाराच्या अशा तिन्ही बाजूंनी पाहता येते. परंतु या तिन्ही शास्त्रांतील जिज्ञासूंना उत्तराच्या शोधात अखेर ज्या एका ठिकाणी जावे लागले, ते ठिकाण म्हणजे विम्याचे पैसे चुकते करणारे दफ्तर होय, ही गोष्ट थोडी चमत्कारिक आहे. रोग्याच्या खाटेला टांगलेला तक्ता, डॉक्टरांनी स्वहस्ते लिहिलेले टिपण, परिचारिकेने रात्री दोन वाजता नोंदलेला ताप, ही सारी सामग्री रोगाविषयी कितीतरी अधिक बोलकी. पण ती ज्या हॉस्पिटलाची त्याच्याच चार भिंतींत राहते, आणि रोगी एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत गेला की तिचा धागा तुटतो. बिल मात्र कोणत्याही दारातून निघाले तरी पैसे देणाराच्या एकाच मेजावर येऊन पडते. त्या मेजावरच्या कागदांतून रोग्यांच्या परतीविषयी काय कळते, काय कळत नाही, आणि कळते असे वाटूनही कोठे फसगत होते, एवढेच आज मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

या अभ्यासाचे माहेरघर अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे आहे. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसुरी संस्थानातील इंडिपेंडन्स या गावी, वयोवृद्ध माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या समक्ष, मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली, आणि १ जुलै १९६६ पासून पासष्ट वर्षांवरील नागरिकांच्या हॉस्पिटल-खर्चाचा भार सरकारी विम्याने उचलण्यास प्रारंभ झाला. संशोधकांची सोय करावी असा या कायद्याचा हेतू नव्हता. तथापि एका देशातील बहुतेक सर्व वृद्ध माणसे एकाच विम्यात आली, प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला आणि त्याच्या मृत्यूची तारीखही त्याच दफ्तरात नोंदली जाऊ लागली, या तीन गोष्टींमुळे पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र क्वचितच आढळेल अशी सामग्री अनायासे तयार झाली. पुढे ऑक्टोबर १९८३ पासून मेडिकेअरने हॉस्पिटलाला दिवसागणिक झालेला खर्च भरून देण्याची जुनी रीत टाकली आणि रोगनिदानाचे गट पाडून गटागणिक ठरावीक रक्कम देण्याची नवी रीत घातली. तेव्हापासून रोगी पाच दिवस राहिला काय आणि नऊ दिवस राहिला काय, हॉस्पिटलाच्या पदरात पडणारी रक्कम प्रायः तीच राहिली, आणि रोग्याला लवकर घरी धाडण्यात हॉस्पिटलाचा लाभ झाला. तो परत आला तर नवे वास्तव्य, नवे बिल, नवी रक्कम. पुनःप्रवेशाच्या प्रश्नाला धार आली ती येथून.

आता हे बिल म्हणजे काय ते जरा जवळून पाहू. त्यात रोग्याचा क्रमांक, जन्मतारीख, हॉस्पिटलाचा क्रमांक, दाखल झाल्याची तारीख, सुटकेची तारीख, मुख्य निदानाचा आणि त्यामागोमाग दुय्यम निदानांचा संकेतांक, केलेल्या शस्त्रक्रिया, मागितलेली आणि मंजूर झालेली रक्कम असे रकाने असतात. एक दोन अंकी रकाना मला विशेष मनोरंजक वाटतो: रोगी कोठे गेला हे तो सांगतो. ०१ म्हणजे घरी गेला, ०२ म्हणजे दुसऱ्या हॉस्पिटलात पाठविला, ०७ म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न जुमानता निघून गेला, २० म्हणजे वारला. समजा, एखाद्या वृद्धेच्या क्रमांकावर हृदय क्षीण झाल्याचा ४२८.० हा जुना संकेतांक पडला आहे, सुटकेच्या रकान्यात ०१ आहे, आणि त्यानंतर अठरा दिवस तिच्या नावावर एकही ओळ नाही; एकोणिसाव्या दिवशी तातडीच्या विभागातून पुन्हा प्रवेश, संकेतांक न्यूमोनियाचा. एवढ्या दोन ओळी संशोधकाच्या हाती येतात. मधल्या अठरा दिवसांत तिने गोळ्या घेतल्या की नाही, पायांवर सूज केव्हा चढली, घरात जिना होता की नव्हता, डॉक्टरांना फोन केला तर तो कोणी उचलला काय, यांतले एक अक्षरही तेथे नाही.

शिवाय हे कागद रोगीवार लावलेले नसतात. ते येतात बिलाच्या तारखेने. दुकानाच्या रोजकीर्दीवरून आसामीवार खतावणी करावी तसा या लक्षावधी ओळींतून माणसामाणसाचा उतारा संशोधकाला काढावा लागतो, आणि त्या खटाटोपात अनेक निर्णय मुकाट्याने घेतले जातात. एका हॉस्पिटलाने सकाळी सोडले आणि दुसऱ्याने दुपारी घेतले, तर तो पुनःप्रवेश की केवळ स्थलांतर? केमोथेरपीच्या पुढच्या आवर्तनासाठी बोलावलेला रोगी परत आला, तर त्यात हॉस्पिटलाची चूक कोणती? मुदत तीस दिवसांची धरावी, साठांची की नव्वदांची? आज तीस दिवसांची मुदत जवळजवळ सर्वमान्य झाली आहे. पण एकतिसाव्या दिवशी रोगाचा स्वभाव पालटतो म्हणून ती ठरलेली नाही, कोठेतरी रेघ ओढणे प्राप्त होते म्हणून ओढली आहे. रोग्याची ओळख पटविणे हे तर याहून नाजूक काम. मेडिकेअरचा जुना क्रमांक सोशल सिक्युरिटीच्या क्रमांकावरून पडत असे. ज्या स्त्रीचा हक्क नवऱ्याच्या कमाईवर उभा, तिला नवऱ्याचाच क्रमांक आणि त्यापुढे बी हे अक्षर मिळे, आणि नवरा निवर्तला की बी जाऊन डी येई. म्हणजे मार्च महिन्यात पत्नी म्हणून हॉस्पिटलातून सुटलेली बाई एप्रिलमध्ये विधवा म्हणून परत आली, तर बेसावध गणकाच्या लेखी त्या दोन निराळ्या बायका ठरत. नवे, कोणत्याही नात्यावर अवलंबून नसलेले क्रमांक २०१८ पासून देण्यात येऊ लागले.

असल्या कागदावर विश्वास किती ठेवावा? आपल्याकडील इतिहाससंशोधकांना ही अडचण चांगली परिचयाची आहे. वतनाच्या तंट्यात दाखल झालेल्या कैफियतीत वादी आपले घराणे किती पुरातन ते सांगू लागला की संशोधक सावध होतो. परंतु त्याच कैफियतीत ओघाने आलेला दुष्काळाचा उल्लेख, गावच्या वेशीचे ठिकाण किंवा त्या साली धारण काय होती हा तपशील तो बिनदिक्कत उचलतो, कारण तेथे खोटे बोलून वादीला एक रुकाही मिळावयाचा नव्हता. लिहिणाऱ्याचा स्वार्थ जेथे गुंतलेला नाही तेथे लेख विश्वसनीय, आणि जेथे गुंतला आहे तेथे संशयास्पद, हा नियम विम्याच्या दफ्तराला तंतोतंत लागू पडतो. दाखल झाल्याची तारीख, वय, लिंग, मृत्यू यांविषयी हे कागद बहुधा बिनचूक असतात. दुय्यम निदानांच्या यादीविषयी मात्र तितकी खात्री देता येत नाही, कारण रोगी जितका अधिक आजारी दिसेल तितकी रक्कम वाढण्याचा संभव असतो. एवढा एक नियम ध्यानात धरला म्हणजे गेल्या चाळीस वर्षांतील या अभ्यासाचा इतिहास आपोआप उलगडतो.

१९८४ साली जेरार्ड अँडरसन आणि अर्ल स्टाइनबर्ग यांनी मेडिकेअरच्या १९७४ ते १९७७ या काळातील नोंदींवरून दाखविले की, दर शंभर वास्तव्यांपैकी २२ वास्तव्यांनंतर साठ दिवसांच्या आत पुनःप्रवेश घडला होता, आणि या पुनःप्रवेशांपायी वर्षाला अडीच अब्ज डॉलर, म्हणजे हॉस्पिटल-खर्चाचा जवळजवळ चतुर्थांश, वेचला जात होता. त्या वेळी हा आकडा गाजला आणि विसरलाही गेला. स्टीफन जेंक्स, मार्क विल्यम्स आणि एरिक कोलमन यांचा निबंध २ एप्रिल २००९ रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मात्र कायदे करणाऱ्यांनाही जाग आली. २००३-०४ मधील १,१८,५५,७०२ सुटका त्यांनी तपासल्या. त्यांतील १९.६ टक्के रोगी तीस दिवसांत परत आले होते, ३४ टक्के नव्वद दिवसांत. आणि अनपेक्षित पुनःप्रवेशांचा २००४ या एका वर्षाचा खर्च त्यांनी १७.४ अब्ज डॉलर धरला.

परंतु त्या निबंधातील माझ्या मते सर्वांत मोलाचा आकडा निराळाच आहे. शस्त्रक्रियेवाचून इतर आजारासाठी दाखल होऊन घरी गेलेले जे रोगी तीस दिवसांत परत आले, त्यांपैकी ५०.२ टक्के रोग्यांच्या बाबतीत सुटका आणि पुनःप्रवेश यांच्या दरम्यान कोणत्याही डॉक्टरांच्या दवाखान्यातील भेटीचे एकही बिल सापडले नाही. दफ्तरात जे लिहिले आहे त्यावरून निष्कर्ष काढणारे पुष्कळ असतात. या तिघांनी जे लिहिलेले नाही ते मोजले. अर्थात बिल नाही म्हणजे भेटच झाली नाही असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. फोनवर दिलेल्या सल्ल्याचे बिल तेव्हा होत नसे. शस्त्रक्रियेनंतरची सर्जनची तपासणी शस्त्रक्रियेच्याच रकमेत अंतर्भूत असल्यामुळे तिचेही निराळे बिल निघत नाही, आणि म्हणूनच या मोजणीतून त्यांनी शस्त्रक्रियेचे रोगी वगळले. या सावधगिरीमुळेच त्या आकड्याला वजन आले आहे. हॉस्पिटल आणि घर यांच्या मधल्या मुलखाचा कोणी धनी नाही, हे त्याने दाखविले. आणि बिलाच्या अभावाची खोटी नोंद करण्यात कोणाचाच स्वार्थ नसल्यामुळे ही साक्ष मी पहिल्या प्रतीची मानतो.

निदानांच्या बाबतीतही असेच एक आश्चर्य निघाले. हृदय क्षीण झाल्यामुळे दाखल झालेल्या वृद्धांपैकी सुमारे चौथा हिस्सा महिन्याभरात परत येतो. पण २००७ ते २००९ च्या मेडिकेअर नोंदींवरून कुमार धर्मराजन, हार्लन क्रुमहोल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, या परतलेल्यांपैकी हृदयाच्याच त्याच व्याधीने परतलेले केवळ ३५.२ टक्के होते. बाकीचे संसर्ग, मूत्रपिंडाचा विकार, श्वासाचा त्रास अशा नाना कारणांनी आले. झोपमोड, अर्धपोट आहार, अंथरुणावर पडून गेलेली ताकद आणि औषधांची गर्दी, अशा हॉस्पिटलातल्याच हालअपेष्टांनी माणूस काही काळ कोणत्याही रोगाला बळी पडण्याजोगा होतो, असे क्रुमहोल्झ यांनी त्यावरून सुचविले. ज्याचा कोणी वृद्ध आप्त आठ दिवस आय.सी.यू.मध्ये राहून आला आहे, त्याला हे पटविण्यासाठी आकड्यांची गरज नाही.

येथवर सर्व सुरळीत दिसते. पण परतीचे प्रमाण कमी म्हणजे हॉस्पिटल चांगले, असा जो सोपा अर्थ पुढे लावला गेला, त्याला छेद देणारा पुरावा पूर्वीच उपलब्ध होता. डार्टमथच्या एलियट फिशर, जॉन वेनबर्ग प्रभृतींनी १९९४ साली बॉस्टन आणि न्यू हेवन या दोन शहरांतील मेडिकेअर रोग्यांची तुलना केली. दोन्ही शहरे विद्यापीठांची, एकीकडे हार्वर्ड तर दुसरीकडे येल, म्हणजे वैद्यकीय विद्वत्तेत उणेअधिक म्हणण्याजोगे फारसे नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, आतड्यांतील रक्तस्राव, खुब्याचे हाड मोडणे आणि कर्करोगाच्या काही शस्त्रक्रिया, अशा बाबतींत दाखल झालेल्या रोग्यांचा त्यांनी पुढे माग काढला. बॉस्टनचे रोगी न्यू हेवनच्या रोग्यांपेक्षा १.६४ पट अधिक वेळा पुन्हा दाखल झाले होते, आणि मृत्यूच्या प्रमाणात मात्र त्यामुळे काही फरक पडलेला नव्हता. पहिल्या आजाराचे स्वरूप कोणतेही असो, हा फरक कायम होता. मग कारण काय? बॉस्टनमध्ये लोकसंख्येच्या मानाने खाटा अधिक होत्या, आणि खाट रिकामी असली म्हणजे सीमेवरच्या रोग्याला घरी ठेवून पाहण्यापेक्षा आत घेण्याकडे डॉक्टरांचा कल होतो. यात लबाडी नाही, मनुष्यस्वभाव आहे. तात्पर्य, पुनःप्रवेशाचा आकडा हा शुश्रूषेच्या गुणाचा जितका निदर्शक आहे तितकाच, किंबहुना काही ठिकाणी त्याहून अधिक, खाटांच्या उपलब्धतेचा निदर्शक आहे. टाळता येण्याजोगे पुनःप्रवेश किती, या प्रश्नावर निरनिराळ्या अभ्यासांनी शेकडा ५ पासून शेकडा ७९ पर्यंत उत्तरे दिली आहेत, असे २०११ च्या एका कॅनडियन समालोचनात आढळून आले. ज्या मापाची उत्तरे ५ आणि ७९ यांच्या दरम्यान कोठेही पडतात, त्या मापाने कोणाला शिक्षा करू नये, असे सामान्य विवेक सांगतो.

सामान्य विवेकाचे कायद्यापुढे चालले नाही. २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्यान्वये १ ऑक्टोबर २०१२ पासून, हृदयविकाराचा झटका, हृदयाची क्षीणता आणि न्यूमोनिया या तीन आजारांत ज्या हॉस्पिटलांचे परतीचे प्रमाण अपेक्षेहून अधिक, त्यांच्या मेडिकेअरच्या रकमेतून कपात सुरू झाली; पहिल्या वर्षी कमाल १ टक्का, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्यापासून ३. ज्या नोंदीत तोवर कोणाचा स्वार्थ नव्हता, त्या नोंदीवर आता हॉस्पिटलाचा जमाखर्च लटकू लागला. परिणाम काय झाला? २००७ मध्ये या आजारांतील पुनःप्रवेशाचे जे प्रमाण २१.५ टक्के होते, ते २०१५ मध्ये १७.८ टक्क्यांवर आले, आणि सरकारात समाधान व्यक्त झाले. त्याच काळात रोग्याला रीतसर दाखल न करता निरीक्षणाखाली ठेवण्याचे प्रमाण २.६ टक्क्यांवरून ४.७ टक्क्यांवर गेले. निरीक्षणाखालचा रोगी खाटेवरच असतो, त्याला सलाइनही लावलेले असते. कागदोपत्री मात्र तो बाह्यरुग्ण. ज्या अभ्यासात हे दोन्ही आकडे आहेत, त्यातील संशोधकांना हॉस्पिटलांनी जाणूनबुजून ही अदलाबदल केल्याचा पुरावा आढळला नाही, हेही येथे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे.

याहून मासलेवाईक प्रकार बिलाच्या नमुन्यात घडला. पूर्वी ज्या बिलात निदानांचे नऊ-दहा संकेतांक धरले जात, त्यात २०११ च्या सुमारास पंचवीस मावू लागले. रकाने वाढताच ते भरले गेले. रोगी पूर्वीचेच, पण कागदावर ते अधिक व्याधिग्रस्त दिसू लागले. रोग्यांच्या व्याधींचा हिशेब धरूनच परतीचे प्रमाण तोलले जात असल्यामुळे, रोगी अधिक आजारी दिसला की हॉस्पिटलाचे प्रमाण आपोआप उजळते. ख्रिस्तोफर ओडी, लीमोर डॅफनी, डेव्हिड कटलर आदींनी २०१९ मध्ये हा फरक वजा करून पाहिला, तेव्हा जी घट कायद्याची कर्तबगारी म्हणून मिरविली जात होती, तिच्यातील जवळजवळ निम्मी नाहीशी झाली. रकान्यांची संख्या बदलल्याने राष्ट्राचे आरोग्य सुधारल्याचा भास व्हावा, ही कारकुनी दफ्तराची महती समजावी की संशोधकांची बेसावधता, ते श्रोत्यांनी ठरवावे.

आणि मृत्यूचे काय? परत न आलेला रोगी दोन प्रकारचा असतो: एक बरा झालेला, दुसरा वारलेला. पुनःप्रवेशाच्या हिशेबात दोघेही सारखेच शुभ. ऋषी वधेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये, या योजनेच्या काळात हृदयाची क्षीणता आणि न्यूमोनिया यांच्या रोग्यांत सुटकेनंतरच्या तीस दिवसांतील मृत्यू वाढल्याचे दाखविले. इतरांनी त्याच दफ्तरावरून निराळे निष्कर्ष काढले, आणि तो वाद मिटलेला नाही. गरीब वस्तीतल्या हॉस्पिटलांना दंड अधिक बसतो, कारण त्यांच्या रोग्यांना घरी सांभाळणारे कोणी नसते, ही तक्रार मात्र सरकारला मान्य करावी लागली. २०१६ च्या कायद्याने गरीब रोग्यांच्या प्रमाणानुसार हॉस्पिटलांचे गट पाडून गटातल्या गटात तुलना करण्याचे ठरले.

दफ्तर वाचताना होणाऱ्या फसगतीचा सर्वांत बोधक दाखला न्यू जर्सी संस्थानातील कॅमडेन या दरिद्री शहराचा आहे, आणि त्याची कीर्ती ज्यांच्या लेखणीने पसरली ते अतुल गवांदे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावच्या डॉक्टर आत्माराम गवांदे यांचे चिरंजीव, म्हणून तो सांगताना मला थोडा आपलेपणाही वाटतो. जेफ्री ब्रेनर नावाच्या तेथील डॉक्टरांनी शहरातील हॉस्पिटलांची बिले गोळा करून रोगीवार लावली, तेव्हा शेकडा एक रोग्यांवर शेकडा तीस खर्च होतो असे दिसून आले. या वारंवार येणाऱ्या रोग्यांच्या घरी परिचारिका आणि समाजसेवक पाठवावेत, त्यांची औषधे लावून द्यावीत, डॉक्टरांच्या भेटी ठरवून द्याव्यात, असा उपक्रम ब्रेनर यांनी चालविला, आणि त्यानंतर त्या रोग्यांच्या हॉस्पिटल-वाऱ्या खरोखरच घटल्या. २०११ च्या जानेवारीत न्यू यॉर्करमध्ये गवांदे यांचा लेख आला आणि कॅमडेनचे अनुकरण ठिकठिकाणी होऊ लागले.

पुढे ब्रेनर यांच्या संस्थेने जे केले ते प्रशंसनीय होय: आपल्या यशाची परीक्षा तिने अर्थशास्त्रज्ञांकडून होऊ दिली. एमी फिंकेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ ते २०१७ या काळात अशा आठशे रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने दोन गटांत विभागणी केली. एका गटाला ही सेवा दिली, दुसऱ्याला नेहमीचीच शुश्रूषा. सेवा मिळालेल्या गटातील ६२.३ टक्के रोगी १८० दिवसांत परत आले. न मिळालेल्या गटातील ६१.७ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ शून्य. सेवा मिळालेल्या गटाचीच पूर्वीची आणि नंतरची स्थिती पाहिली, तर वाऱ्या ठळकपणे घटलेल्या दिसत होत्या. पण तितक्याच त्या दुसऱ्या गटातही घटल्या होत्या. याचे कारण उघड आहे आणि तरीही ते पुनःपुन्हा विसरले जाते. हे रोगी निवडलेच होते त्यांच्या सर्वांत वाईट सहा महिन्यांवरून. त्या सहा महिन्यांत ते दोन-तीनदा दाखल झाले होते म्हणूनच यादीत आले. शिखरावर असताना ज्याची निवड केली तो पुढे उतरणारच. काही बरे होऊन, काही मरून, काही केवळ योगायोगाने. विम्याच्या दफ्तरावरून गेल्या साली सर्वाधिक खर्च कोणावर झाला हे बिनचूक सांगता येते. यंदा तो कोणावर होईल हे त्यावरून फार थोडे कळते.

आता आपल्या घराकडे वळतो. आपल्याकडे १९८६ साली मेडिक्लेम आला. त्याच्या पॉलिसीत अजूनही एक मजकूर असतो: शेवटच्या सल्ल्यापासून ४५ दिवसांच्या आत तोच आजार उलटला तर तो एकच आजार समजावा. पुनःप्रवेशाची ही आपली स्वदेशी व्याख्या विमा कंपनीच्या सोयीची आहे, वैद्यकाशी तिचा संबंध थोडका. संशोधनाच्या दृष्टीने मला अधिक आशा वाटते ती सरकारी योजनेची. २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पोचली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला. प्रत्येक उपचाराला पूर्वमंजुरी, प्रत्येक मंजुरीला तारीख, प्रत्येक हॉस्पिटलात रोग्यांच्या मदतीला योजनेचा आरोग्यमित्र. असे सुसूत्र दफ्तर महाराष्ट्राच्या आरोग्यखात्याच्या हाती पूर्वी कधी नव्हते.

पण ते उघडताना जे खाचखळगे लागतील ते अमेरिकेहून निराळे आहेत. डायालिसिस आणि केमोथेरपी यांच्या नोंदी प्रथम बाजूला काढल्या नाहीत, तर परतीचे प्रमाण हास्यास्पद वाढेल. योजनेचा पाया रेशनकार्ड, आरंभी पिवळे किंवा केशरी. आणि लग्न झाले की मुलीचे नाव बापाच्या कार्डावरून कमी होऊन नवऱ्याच्या कार्डावर चढते, बहुधा नाव आणि आडनाव दोन्ही पालटून, भाऊ विभक्त झाले की कार्डेही विभक्त होतात. अमेरिकेतल्या बी आणि डी या अक्षरांचा घोळ आपल्याकडे तहसील कचेरीत घडतो. रोगी पहिल्या खेपेस योजनेतून जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल झाला आणि दुसऱ्या खेपेस, रात्रीची वेळ म्हणून, तालुक्याच्या खाजगी नर्सिंग होममध्ये रोख पैसे भरून, तर ती दुसरी खेप दफ्तराला अदृश्य. शिवाय आपल्या हॉस्पिटलांतून ज्याला सर्रास डामा म्हणतात तो प्रकार: पैसे संपले, मंजुरीची मर्यादा संपली किंवा म्हाताऱ्याला घरीच जाऊ द्या असे थोरल्या मुलाने ठरविले, की नातेवाईक सही करून रोग्याला घेऊन जातात. त्यानंतर त्याचे काय झाले, हे ना हॉस्पिटलाला कळते, ना योजनेला. तो परत येत नाही, म्हणून हिशेबात तो बरा झालेल्यांत जमा होतो.

म्हणून, महाराष्ट्रात हॉस्पिटलांना दंड करण्याचा विचार कोणाच्या मनात येण्यापूर्वी, म्हणजे नोंदी अजून निःस्वार्थ आहेत तोवर, एक साधी पाहणी व्हावी असे मी सुचवितो. सुटकेनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधे योजनेच्या पॅकेजातच धरलेली आहेत. तेव्हा हृदयरोग्यांच्या परतीच्या तारखा सुटकेपासून दिवसवार मांडून, अकराव्या दिवसानंतर त्या फुगतात काय हे प्रथम पाहावे. फुगत असतील तर निदान एक कारण औषधांच्या पिशवीत सापडेल. दुसरे, ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांच्या मृत्युनोंदींशी योजनेच्या यादीची रुजवात घालावी, डामा झालेले रोगी त्यात निराळे दाखवून. तिसरे काम आरोग्यमित्राचे: सुटकेनंतर पंधराव्या दिवशी घरी फोन. मनुष्यबळ अपुरे आहे, सर्वांना फोन करणे जमणार नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. अशा वेळी माझे मत विचाराल, तर ज्याच्या नावापुढे दुसरी ओळ पडलेलीच नाही अशा हृदयरोग्याच्या घरी पहिला फोन जावा. परत आलेल्यांचा ठावठिकाणा दफ्तराला ठाऊक आहे.